हिऱ्यातली रिकामी जागा

‘हिरा आणि कोळसा दोन्ही कार्बनचेच ना? मग काही हिरे पिवळे, काही निळे, काही गुलाबी कसे असतात?’ दहावीच्या वर्गात कार्बनचे प्रकरण सुरू झाले की हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. अलीकडे त्याच्या जोडीला दुसरा प्रश्नही येऊ लागला आहे. वर्तमानपत्रांत ‘क्वांटम हिरा’ हे शब्द अधूनमधून दिसतात आणि अशा हिऱ्यात मुद्दाम दोष निर्माण केलेले असतात, असेही त्या बातम्यांत लिहिलेले असते. सराफ दोष असलेला हिरा बाजूला काढतो. मग शास्त्रज्ञ पदरचे पैसे मोजून हिऱ्यात दोष का पाडतात?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. हिऱ्याला ज्यामुळे रंग येतो, त्याच गोष्टीतून चुंबकत्व मोजणारे एक विलक्षण बारीक उपकरण तयार होते. या प्रकरणात आपण रंगापासून सुरुवात करून त्या उपकरणापर्यंत जाऊ.

१. दगडाला रंग कुठून येतो?

भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला खनिजांचे रंग नवे नाहीत. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉइल कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गच्या खनिजातला मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलमध्ये वापरला जातो. हे खनिज काळेकुट्ट असते. तुकडा हातात घेतला की बोटे काळी होतात. मात्र हेच मँगनीज एपिडोट जातीच्या खनिजात ॲल्युमिनियमच्या काही जागांवर जाऊन बसले, की खनिज गुलाबी ते लालसर होते. त्याला पीडमॉन्टाइट म्हणतात आणि नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या सौसर गटाच्या खडकांत ते सापडते.

जिल्ह्यातले दुसरे उदाहरण कायनाइटचे. भट्टीच्या उष्णतारोधक विटांसाठी हे खनिज काढले जाते. ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन एवढ्यांनीच ते बनलेले असते, तर त्याला रंग नसता. त्याची ओळखीची निळी झाक लोह आणि टायटॅनियम यांच्या किंचितशा भेसळीतून येते.

आता कारण पाहू. अणूतले इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्यांवरच राहू शकतात. खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जायला जेवढी ऊर्जा लागते, नेमक्या तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश इलेक्ट्रॉन शोषून घेतो. पांढऱ्या प्रकाशातून एक रंग असा शोषला गेला की उरलेले रंग आपल्या डोळ्यांपर्यंत येतात आणि दगड रंगीत दिसतो.

शुद्ध हिऱ्यात ही पायरी फार उंच असते. ती चढायला ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशात सुमारे १.६ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढीच ऊर्जा असते. म्हणून दृश्य प्रकाश हिऱ्यातून सरळ पार जातो आणि हिरा पाण्यासारखा स्वच्छ दिसतो. त्यात परका अणू शिरला किंवा एखादी जागा रिकामी पडली, की मधेच नव्या पायऱ्या तयार होतात आणि दृश्य प्रकाश शोषला जाऊ लागतो. स्फटिकातल्या अशा रंग देणाऱ्या दोषाला रंगकेंद्र म्हणतात.

नायट्रोजन शिरला की हिरा पिवळसर होतो. बोरॉन शिरला की निळा होतो. गोवळकोंड्याच्या प्रदेशातून गेलेला आणि आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात असलेला होप हिरा बोरॉनमुळेच निळा आहे. हिरवट हिऱ्यांत नैसर्गिक किरणोत्साराने काही कार्बन अणू जागेवरून उडालेले असतात. गुलाबी हिऱ्याचा रंग बहुधा जमिनीखालच्या दाबाने त्याची जाळी पिरगळली गेल्यामुळे येतो.

२. बांधीतले एक वेगळे रोप

आपल्याला हवे असलेले रंगकेंद्र समजून घ्यायला धानाची बांधी डोळ्यांसमोर आणा. दोरी लावून केलेली रोवणी आहे. प्रत्येक रोपाला चार शेजारी आहेत आणि सगळी अंतरे सारखी आहेत. हिऱ्यातही प्रत्येक कार्बन अणूला चारच शेजारी असतात. फरक एवढाच की ते एका सपाटीवर नसतात, चार कोपऱ्यांकडे तोंड करून अवकाशात पसरलेले असतात. दोन शेजाऱ्यांमधले अंतर ०.१५४ नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

आता या बांधीत एका ठिकाणी धानाऐवजी दुसऱ्याच पिकाचे रोप लागले आहे आणि त्याच्या अगदी शेजारची जागा रिकामी राहिली आहे, असे समजा. हिऱ्यात ते परके रोप म्हणजे नायट्रोजनचा अणू. शेजारची रिकामी जागा म्हणजे पोकळी. या जोडीला नायट्रोजन-पोकळी केंद्र किंवा थोडक्यात एनव्ही केंद्र म्हणतात. त्यात एक जादा इलेक्ट्रॉन येऊन बसला आणि केंद्रावर ऋणभार आला, की ते आपल्या कामाचे होते. यापुढे ‘केंद्र’ म्हटले की हेच केंद्र समजावे.

रिकामी जागा परक्या रोपाच्या चार बाजूंपैकी कुठल्याही बाजूला असू शकते. त्यामुळे एका हिऱ्यात ही केंद्रे चार वेगवेगळ्या दिशांना रोखलेली असतात. पुढे याचा मोठा उपयोग होतो.

अशी केंद्रे किती असतात, याचा एक हिशेब करू. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. एवढ्या हिऱ्यात एकावर बावीस शून्ये इतके कार्बन अणू असतात. त्यात दहा लाखांत एक या प्रमाणात नायट्रोजन असेल, तर नायट्रोजनचे अणू होतात एकावर सोळा शून्ये. रसायनशास्त्राच्या भाषेत हा हिरा जवळजवळ शुद्धच असतो, पण मोजू गेले तर त्यातल्या परक्या अणूंची संख्या प्रचंड भरते. म्हणूनच शास्त्रज्ञांना हिरा शुद्ध आहे की नाही एवढ्या माहितीवर भागत नाही. कोणता परका अणू, किती आणि पृष्ठभागापासून किती खोल, हे त्यांना नेमके हवे असते.

३. हिरवा प्रकाश आत, लाल प्रकाश बाहेर

या केंद्रावर हिरवा लेसर टाकला की ते लाल प्रकाश देते. हिरव्या प्रकाशाची ऊर्जा घेऊन इलेक्ट्रॉन वर चढतो आणि उतरताना थोडी कमी ऊर्जा प्रकाशरूपाने सोडतो. कमी ऊर्जेचा प्रकाश म्हणजे लालसर प्रकाश. प्रयोगशाळेत वापरतात तो हिरा जेमतेम काही मिलिमीटर लांबी-रुंदीची पातळ चकती असतो. केंद्रे दाट असतील तर नुसत्या डोळ्यांनाही ती गुलाबी-जांभळट दिसते. तिच्यावर लेसर सोडायचा आणि हिरवा रंग अडवणाऱ्या काचेतून पाहायचे. चकतीतली लेसरची वाट लाल उजळलेली दिसते.

भारतात हिऱ्यांच्या अशा प्रदीप्तीचा अभ्यास जुना आहे. सी. व्ही. रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात बंगळुरूत हिऱ्यांच्या रचनेवर आणि त्यांच्या चमकण्यावर बरेच संशोधन केले होते. पण तेव्हा पाहायला मिळायचा तो असंख्य केंद्रांचा मिळून आलेला प्रकाश. एकच एनव्ही केंद्र वेगळे पाहणे १९९७ मध्ये जर्मनीतल्या केमनिट्झ इथल्या शास्त्रज्ञांना जमले. एका केंद्राचा प्रकाश वेगळा टिपता आला आणि पुढचे सगळे दरवाजे उघडले.

या लाल प्रकाशात एक गुपित दडलेले आहे. ते कळण्यासाठी आधी स्पिनची ओळख हवी. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक चिमुकला चुंबक असतो आणि त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात. आपल्या केंद्रातले दोन मोकळे इलेक्ट्रॉन मिळून एक चुंबक तयार होतो. या जोडचुंबकाला तीनच अवस्था घेता येतात. त्यांना शून्य, अधिक एक आणि उणे एक म्हणू.

केंद्र शून्य अवस्थेत असेल तर लाल प्रकाश भरपूर येतो. अधिक एक किंवा उणे एक अवस्थेत असेल तर काही इलेक्ट्रॉन खाली उतरताना आडवाट धरतात. त्या वाटेवर लाल प्रकाश बाहेर पडत नाही, त्यामुळे केंद्र मंद दिसते. एका केंद्राच्या बाबतीत हा फरक सुमारे ३० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे अणूच्या आकाराच्या चुंबकाची अवस्था आपण नुसती उजेडावरून ओळखू शकतो. शिवाय आडवाटेने गेलेले इलेक्ट्रॉन बहुधा शून्य अवस्थेतच उतरतात. परिणामी थोडा वेळ हिरवा प्रकाश टाकत राहिले की केंद्र आपोआप शून्यावर येते. पाटी कोरी करायची आणि तिच्यावरचे वाचायचे, ही दोन्ही कामे एकाच लेसरने होतात.

४. २८७० चा आकडा

शून्य अवस्था आणि बाकीच्या दोन अवस्था यांच्यात ऊर्जेचा छोटासा फरक असतो. तो सूक्ष्मलहरींनी भरून काढता येतो. त्यासाठी लागणारी वारंवारता आहे २८७० मेगाहर्ट्झ. घरातला वायफाय सुमारे २४०० मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे हा आकडा त्याच्या आसपासचाच आहे. हिऱ्यावर हिरवा प्रकाश चालू ठेवून सूक्ष्मलहरींची वारंवारता हळूहळू वाढवत नेली, तर बरोबर २८७० वर केंद्र शून्य अवस्था सोडते आणि लाल प्रकाश मंदावतो.

आता जवळ चुंबकीय क्षेत्र आणा. अधिक एक आणि उणे एक या अवस्था एकमेकींपासून फाकतात. प्रकाश आता एकाऐवजी दोन वारंवारतांवर मंदावतो. केंद्राच्या दिशेने एक मिलिटेस्ला क्षेत्र असेल, तर एक वारंवारता २८ मेगाहर्ट्झने वर जाते आणि दुसरी तेवढीच खाली येते.

भंडाऱ्याजवळ पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४५ मायक्रोटेस्ला, म्हणजे ०.०४५ मिलिटेस्ला असते. ०.०४५ ला २८ ने गुणले की १.२६ येतात. केंद्र क्षेत्राच्या दिशेने रोखलेले असेल, तर प्रकाश २८७१.२६ आणि २८६८.७४ मेगाहर्ट्झवर मंदावेल. दोहोंमधले अंतर २.५२ मेगाहर्ट्झ. हे अंतर मोजले की क्षेत्र किती ते कळले. चार दिशांना रोखलेल्या केंद्रांची अंतरे वेगवेगळी येतात. त्यांची एकमेकांशी तुलना केली की क्षेत्राची दिशाही कळते.

तापमानाचाही परिणाम होतो. तापमान एक अंश वाढले की २८७० चा आकडा सुमारे ७४ किलोहर्ट्झने खाली येतो. मे महिन्यातल्या दुपारचे ४५ अंश आणि हिवाळ्यातल्या पहाटेचे १० अंश धरले, तर ३५ अंशांच्या फरकाने आकडा सुमारे २.६ मेगाहर्ट्झने सरकेल. पृथ्वीच्या क्षेत्राचा परिणामही जवळपास एवढाच होता. मग दोहोंची गल्लत होत नाही का? होत नाही, कारण चुंबकीय क्षेत्र दोन वारंवारतांना एकमेकींपासून दूर करते आणि तापमान दोघींना एकाच बाजूला सरकवते. दोघींमधले अंतर पाहिले की क्षेत्र कळते. दोघींचा मध्य पाहिला की तापमान कळते. याच तत्त्वावर २०१३ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी अतिसूक्ष्म हिरे जिवंत मानवी पेशीत सोडून तिच्या आतले तापमान मोजले.

५. यात ‘क्वांटम’ काय आहे?

आतापर्यंत केंद्र शून्य अवस्थेत आहे किंवा अधिक एक अवस्थेत आहे, असेच आपण बोललो. क्वांटम नियमांनुसार ते दोन्हींच्या मिश्रणात राहू शकते. नेमक्या कालावधीची सूक्ष्मलहर देऊन केंद्राला अशा मिश्र अवस्थेत आणता येते. या मिश्रणाला एक कोन असतो आणि चुंबकीय क्षेत्र तो कोन सतत फिरवत राहते. क्षेत्र जेवढे मोठे, तेवढा कोन जलद फिरतो.

इथे वेळेला किंमत येते. एक नॅनोटेस्ला क्षेत्र घ्या. पृथ्वीच्या क्षेत्राचा हा साधारण पंचेचाळीस हजारावा भाग झाला. तेवढ्याने कोन सेकंदाला २८ फेऱ्या मारतो. मिश्र अवस्था एक मिलिसेकंद टिकली, तर तेवढ्या अवधीत कोन सुमारे १० अंश फिरेल. एवढा फरक मोजमाप पुनःपुन्हा करून टिपता येतो. पण मिश्र अवस्था मिलिसेकंदाच्या हजाराव्या भागातच मोडली, तर कोन अंशाच्या शंभराव्या भागाएवढाच फिरेल आणि गोंगाटात हरवून जाईल. थोडक्यात, अवस्था जितकी जास्त टिकेल तितके मोजमाप बारीक होते.

बहुतेक पदार्थांत अशी अवस्था टिकवायला उणे अडीचशे अंशांच्याही खाली जावे लागते. हिऱ्यात ती खोलीच्या तापमानाला टिकते, हेच त्याचे वैशिष्ट्य. त्याला दोन कारणे आहेत. एक तर हिऱ्याची जाळी इतकी ताठ असते की खोलीच्या तापमानाला ती केंद्राला फारसा धक्का देत नाही. दुसरे म्हणजे नेहमीच्या कार्बनच्या अणुकेंद्राला स्वतःचे चुंबकत्वच नसते. अपवाद कार्बन-१३ चा. निसर्गात तो सुमारे १.१ टक्के असतो आणि त्याचे अणुकेंद्र चुंबकासारखे वागून केंद्राच्या कामात लुडबुड करते. २००९ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्ट इथल्या गटाने कार्बन-१३ कमी केलेला हिरा वापरला आणि खोलीच्या तापमानाला १.८ मिलिसेकंद एवढा टिकाव मिळवला.

६. असा हिरा बनवतात कसा?

खाणीतला हिरा या कामाला सहसा चालत नाही, कारण त्यात निसर्गाने काय आणि किती मिसळले आहे यावर आपला ताबा नसतो. म्हणून प्रयोगशाळेतला हिरा घेतात. तो वाढवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत कार्बनला वातावरणाच्या पन्नास हजार पटींहून जास्त दाब आणि सुमारे दीड हजार अंश तापमान देतात. दुसरीत बंद पात्रात मिथेन आणि हायड्रोजन सोडून सूक्ष्मलहरींनी त्यांचा तापता प्लाझ्मा करतात. मिथेनमधला कार्बन खाली ठेवलेल्या हिऱ्याच्या पातळ चकतीवर थरावर थर बसत जातो. क्वांटम कामाला ही दुसरी रीत विशेष सोयीची, कारण वाढ चालू असतानाच मोजून नायट्रोजन सोडता येतो आणि हवा तेवढाच पातळ थर नायट्रोजनयुक्त करता येतो.

एवढ्याने परकी रोपे लागली, पण रिकाम्या जागा अजून पडलेल्या नाहीत. त्यासाठी हिऱ्यावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करतात. काही कार्बन अणू उडून जातात आणि पोकळ्या तयार होतात. त्या नायट्रोजनच्या शेजारी असतीलच असे नाही. मग हिरा निर्वात भट्टीत सुमारे ८०० अंशांवर तापवतात. एवढ्या उष्णतेत पोकळ्या जाळीतून सरकू लागतात आणि फिरता फिरता नायट्रोजनच्या शेजारी आल्या की तिथेच अडकतात. केंद्र तयार झाले.

भारताकडे प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचा मोठा उद्योग आहे. सुरत त्याचे मुख्य ठिकाण. २०२३ मध्ये केंद्र सरकारने आयआयटी मद्रासला अशा हिऱ्यांच्या संशोधन केंद्रासाठी पाच वर्षांकरिता सुमारे २४३ कोटी रुपये मंजूर केले. दागिन्याचा हिरा वाढवण्याचे ज्ञान आणि यंत्रे क्वांटम हिऱ्याच्या कामी येतात. कस मात्र निराळा लावावा लागतो. दागिन्यात पैलू आणि लखलखाट पाहतात. इथे परक्या अणूंचे प्रमाण आणि मिश्र अवस्थेचा टिकाव पाहतात.

७. सेमरकोनाचा दगड

हे सारे प्रत्यक्षात कशासाठी वापरतात, याचे एक उदाहरण भंडाऱ्याच्या जुन्या प्रांतातलेच आहे. २६ ऑक्टोबर १९४० रोजी तेव्हाच्या मध्य प्रांतातल्या सेमरकोना इथे एक उल्का पडली. आज ते ठिकाण मध्य प्रदेशात आहे. भंडारा जिल्हाही तेव्हा मध्य प्रांतातच होता. दगड मोठा नव्हता, भरला अवघा ६९१ ग्रॅम. पण ज्या दगडांत सूर्यमालेच्या जन्मानंतर फारसा बदलच झालेला नाही, अशा अत्यंत दुर्मीळ उल्कांमध्ये त्याची गणना होते.

अशा उल्केत मिलिमीटरभर आकाराचे गोल दाणे असतात. सूर्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत होती, त्या काळात वितळून पुन्हा थिजलेले हे थेंब होत. काही दाण्यांतल्या ऑलिव्हिन खनिजात लोहाचे अतिसूक्ष्म कण अडकलेले आहेत. लोह थंड होताना आसपास जे चुंबकीय क्षेत्र असते, त्याची खूण त्यात कायमची राहते. म्हणजे साडेचार अब्ज वर्षांपूर्वीच्या तबकडीतले चुंबकीय क्षेत्र किती होते, ते या कणांत नोंदलेले आहे. प्रश्न होता ते वाचायचे कसे, कारण कण सूक्ष्म आणि त्यांचे क्षेत्र क्षीण.

रॉजर फू आणि सहकाऱ्यांनी हे काम केले आणि २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांनी अतिशीत चुंबकमापक वापरलाच, शिवाय एनव्ही केंद्रांचा हिराही वापरला. अतिशीत मापकाचा संवेदक फार थंड ठेवावा लागतो, त्यामुळे तो नमुन्यापासून काही अंतरावर राहतो. हिऱ्याची चकती थेट नमुन्यावर ठेवता येते. जवळून पाहिल्यामुळे चुंबकत्व दाण्याच्या आतल्या लोहकणांतच आहे, हे स्पष्ट झाले. उत्तर आले सुमारे ५४ मायक्रोटेस्ला, त्यात २१ मायक्रोटेस्ला कमी-जास्तीची शक्यता धरून. आज भंडाऱ्यात होकायंत्राची सुई ज्या क्षेत्राने वळते, साधारण तेवढेच क्षेत्र ग्रह बनण्याआधीच्या त्या धुळीतही होते. तबकडीतला वायू आत सूर्याकडे कसा सरकला, हे समजावून सांगताना शास्त्रज्ञ चुंबकीय क्षेत्राचा आधार घेत. त्याला हा मोजलेला पुरावा मिळाला.

८. पवईतला सूक्ष्मदर्शक

महाराष्ट्रात या विषयावरचे महत्त्वाचे काम मुंबईत पवईच्या आयआयटीत चालते. प्रा. कस्तुरी साहा यांचा गट तिथे एनव्ही केंद्रांवर आधारित सूक्ष्मदर्शक विकसित करतो. त्याची रचना आता तुम्हाला सहज कळेल. पृष्ठभागालगत केंद्रांचा पातळ थर असलेली हिऱ्याची चकती नमुन्यावर ठेवायची. तिच्यावर हिरवा प्रकाश टाकायचा, सूक्ष्मलहरींची वारंवारता बदलत न्यायची आणि लाल प्रकाशाचे चित्र कॅमेऱ्याने टिपायचे. कॅमेऱ्याचा प्रत्येक बिंदू त्याच्या समोरच्या केंद्रांचा प्रकाश कुठल्या वारंवारतेला मंदावतो ते सांगतो. सगळे बिंदू एकत्र आणले की चुंबकीय क्षेत्राचा नकाशा तयार होतो.

याचा एक मोठा उपयोग संगणकाच्या चिप तपासण्यात आहे. तारेतून वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. हिशेब पाहा. एक मिलिअँपियर प्रवाह वाहणाऱ्या लांब तारेपासून १० मायक्रोमीटर अंतरावर २० मायक्रोटेस्ला क्षेत्र असते. आधीच्या नियमाने ०.०२ गुणिले २८, म्हणजे वारंवारता ०.५६ मेगाहर्ट्झने सरकेल. हे आरामात मोजता येते. आजच्या चिपमध्ये थरांवर थर असतात आणि वरून पाहून आतला बिघाड दिसत नाही. चुंबकीय क्षेत्र मात्र थर भेदून वर येते. कुठे प्रवाह तुटला आहे, कुठे नको तिथे वाहतो आहे, हे चिप न फोडता कळण्याची शक्यता त्यातून तयार होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी याच कामासाठी हात मिळवले. दोन वर्षांत चिपचे चित्रण करणारे देशातले पहिले क्वांटम हिरा उपकरण बनवायचे, असे उद्दिष्ट त्यांनी जाहीर केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीतल्या विज्ञान परिषदेत आयआयटी मुंबईचा देशी बनावटीचा क्वांटम हिरा सूक्ष्मदर्शक मांडला गेला आणि त्याला पेटंट मिळाल्याचेही सांगण्यात आले.

यामागे सरकारी पाठबळ आहे. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली. अभियानाची मुदत २०३०-३१ पर्यंत आहे. त्यात चार केंद्रे ठरली. संगणनाचे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे, दूरसंवादाचे आयआयटी मद्रासकडे, साहित्य आणि उपकरणांचे आयआयटी दिल्लीकडे आणि संवेदन व मापनाचे आयआयटी मुंबईकडे. हिऱ्यातली केंद्रे प्रामुख्याने या चौथ्या विषयात मोडतात.

९. मग हिऱ्याचा संगणक कधी?

वाचक बहुधा हा प्रश्न आधी विचारतात. शून्य आणि एक यांच्या मिश्रणात राहणारे केंद्र म्हणजे क्वांटम संगणकाचा मूळ घटक, क्युबिट. त्यामुळे संगणक बनवण्याची कल्पना साहजिकच येते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथल्या गटाने २०१९ मध्ये एका केंद्राभोवतीची अणुकेंद्रे हाताशी धरून दहा क्युबिटांची जुळणी केली आणि एका क्युबिटची अवस्था मिनिटभराहून जास्त टिकवली. अडचण पुढे येते. अशी शेकडो केंद्रे ठरावीक जागी बसवून एकमेकांशी जोडणे फार अवघड आहे. इतर पद्धतींनी शंभराहून जास्त क्युबिटांची यंत्रे तयारही झाली आहेत. या शर्यतीत हिरा आज मागे आहे.

दूरसंवादात त्याची स्थिती बरी आहे. २०१५ मध्ये डेल्फ्टच्याच गटाने १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतल्या स्पिनांची प्रकाशकणांच्या साहाय्याने क्वांटम गुंफण केली. अशा गुंफणीत दोन्हीकडची मोजमापे एकमेकांशी इतकी जुळतात, की आधीच ठरवून दिलेल्या कोणत्याही संकेताने ती तशी जुळवता येत नाहीत. ही गोष्ट सगळ्या पळवाटा बंद करून सिद्ध करणारा तो पहिला प्रयोग होता. पण वेग पाहा. २२० तासांत २४५ वेळा गुंफण जमली, म्हणजे तासाला साधारण एकदा. याचे एक कारण असे, की केंद्राच्या प्रकाशापैकी जेमतेम ३ टक्के प्रकाश या कामाला लागणाऱ्या नेमक्या रंगाचा असतो. शिवाय हिरे उणे २६९ अंशांच्या आसपास थंड ठेवावे लागतात.

म्हणून शास्त्रज्ञ नायट्रोजनऐवजी सिलिकॉन बसवलेल्या केंद्रांकडेही वळले आहेत. त्यांच्या प्रकाशातला मोठा भाग एकाच रंगाचा असतो. २०२४ मध्ये हार्वर्डच्या गटाने अशी केंद्रे वापरून बॉस्टन परिसरात घातलेल्या ३५ किलोमीटर प्रकाशतंतूवर गुंफण साधली. त्यासाठी लागणारी थंडी मात्र आणखी कडक आहे.

१०. बातमी वाचताना

या विषयावरच्या बातम्या यापुढे वाढत जातील आणि त्यांत मोठमोठे दावेही असतील. अशी बातमी हाती आली की तीन प्रश्न विचारा. हिरा मोजमाप करतो आहे, संदेश पाठवतो आहे की गणित करतो आहे? उपकरण खोलीच्या तापमानाला चालते की अतिशीत यंत्रात? आणि काम एका केंद्राचे आहे की लाखो केंद्रांचे? मोजमाप, खोलीचे तापमान आणि लाखो केंद्रे अशी उत्तरे आली, तर ते तंत्र वापरात येण्याच्या जवळ आहे असे समजावे. गणित, अतिशीत यंत्र आणि मोजकी केंद्रे अशी उत्तरे आली, तर संशोधन चांगले असेल, पण वापराला अजून बराच अवकाश आहे. हिऱ्यातल्या रंगकेंद्रांचे खरे बळ आज चुंबकत्व आणि तापमान मोजण्यात आहे, आणि आपल्या राज्यातली संस्था नेमके तेच काम करते आहे.